जरीकाठाचं लंडन

डिसेंबर लागला की बंगळुरात अवरेकाई येते. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याच्याच जातीची शेंग. पण इथल्या थंडीत आणि दंवात तिला एक तेलकट, उग्र वास चढतो. मल्लेश्वरमला आमच्या रस्त्याच्या कडेला बायका पोती उलटून हिरवे ढीग मांडतात आणि मग थंडी संपेपर्यंत उपम्यात, आमटीत, भातात, डोशाच्या पोटात तीच. त्या वासानं सगळ्या गावाला भूक लागते. मला राग येतो. या वयात एका शेंगेच्या वासानं डोकं तापावं हे काही शोभणारं नाही, पण तापतं खरं.

यंदा त्यात भर पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई युरोप बघून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन वर आल्या. मनोरा आणि त्या, पूल आणि त्या, पडकं रिंगण आणि त्या. मी प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही कधीच कुठं गेला नाहीत का? नाही म्हटलं. एकदा तरी बघायलाच हवं हो, असं त्या मान हलवून म्हणाल्या, जणू मी जन्मात कधी आंघोळच केली नव्हती. माझा गॅस चालू आहे, असं सांगून मी त्यांना उठवलं. गॅस चालू नव्हता. मी मात्र बराच वेळ धुमसत होते.

जगातल्या नामांकित जागांशी माझं वैर आहे. त्या जागांनी माझं काही बिघडवलेलं नाही, हे मला कळतं. पण साठ साल लागण्याच्या सुमाराच्या एका हिवाळ्यात त्या सगळ्या जागा आमच्या चामराजपेटच्या घरात येऊन बसल्या, आणि जाताना एका माणसाला घराबाहेर काढून गेल्या.

आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आलेलं. त्यामुळं घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते. अण्णांच्या थोरल्या भावाला कानडी पद्धतीनं दोड्डप्पा, आणि दोड्डप्पांच्या बायकोला, गिरिजाक्काला, सगळे नुसतं अक्का म्हणत. घरात अण्णा, आई, मी आणि अक्का. दोड्डप्पा नव्हते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते इंजिनियरिंग शिकायला विलायतेला गेले. शिक्षण झालं की लगेच परतणार होते. शिक्षण झालं, तिथंच नोकरी लागली, आणि मग चित्रांची कार्डं यायला लागली.

घड्याळाचा मनोरा, उघडमीट करणारा पूल, पॅरिसचा लोखंडी सांगाडा, रोमचं कारंजं. मागं अण्णांच्या नावानं चार ओळी: प्रकृती उत्तम, हे शहर पाहिलं, सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. ‘सर्वांना’ म्हणजे त्यात अक्काही आलीच, असं अण्णा म्हणत. ती कार्डं त्यांनी टेबलाच्या काचेखाली ओळीनं मांडली होती. घरी कुणीही आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूससुद्धा, की त्याला आधी काचेपाशी नेऊन जग दाखवायचं. टेबल पुसायचं काम अक्काकडं. रोज सकाळी ती लंडनवरून, पॅरिसवरून ओलं फडकं फिरवायची आणि पिळून वाळत घालायची. कार्डांकडं बघताना मी तिला कधी पाहिलं नाही.

अक्का उंच होती, सडपातळ, आणि तिची बोटं विलक्षण लांब आणि स्थिर होती. राजाजीनगरात तेव्हा नुकती कारखान्यांची वसाहत उभी राहत होती. तिथल्या एका छोट्या कारखान्यात रेडिओचे भाग बनत. केसासारखी बारीक तार गुंडाळायला त्यांना स्थिर हाताच्या बायका हव्या होत्या. ही बातमी आईनंच आणली. अक्का गेली, आणि तिला घेतलं. अण्णा कित्येक दिवस जेवताना तोंड फिरवून बसत. शेवटी त्यांनी एकच अट घातली, ही गोष्ट दोड्डप्पांच्या कानावर जाता कामा नये. तिकडं साहेबांत वावरणाऱ्या माणसाची बायको इथं मजुरी करते हे त्यांना कळलं, तर अण्णांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. अक्का ‘सरी’, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बस पकडायला गेली.

आणि त्या हिवाळ्यात दोड्डप्पा आले. महिनाभर आधीपासून घराला चुना, दाराला तेल. अण्णा हार घेऊन स्टेशनवर गेले होते. टॅक्सीतून उतरलेला माणूस गोरटा, फुगीर, हातमोजे काढत उभा. ओट्यावर पाय ठेवायच्या आधी त्यांनी रस्त्यावरच्या गटाराकडं बघून नाकाला रुमाल लावला. आईशी ते अडखळत मराठी बोलले, अण्णांशी इंग्रजीत. अक्कासाठी त्यांनी डोक्याला बांधायचा रेशमी रुमाल आणला होता, त्यावर तोच पॅरिसचा मनोरा छापलेला. तो त्यांनी आईच्या हातात दिला आणि हा तिला, असं सांगितलं. अक्का चार हातांवर उभी होती.

अण्णांनी तिला सुट्टी घ्यायला सांगून पाहिलं होतं. सुट्टी मिळत नाही, असं तिनं सांगितलं. खरं तर तिनं मागितलीच नव्हती. हे मला तिनंच पुढं सांगितलं. मग अण्णांनी दोड्डप्पांना थाप मारली की ती कुठंशी शिवण शिकवायला जाते. दोड्डप्पांनी पुढं काही विचारलं नाही. तिच्याबद्दल त्यांनी कशाचंच काही विचारलं नाही.

त्यांनी बरोबर एक यंत्र आणलं होतं. त्यात काचेच्या छोट्या चौकटी सरकवल्या की भिंतीवर रंगीत चित्र पडायचं. पडद्यासाठी ठिगळ नसलेली चादर घरात सापडेना, म्हणून अण्णांनी आपलं लग्नातलं धोतर काढलं आणि खिळ्यांना ताणून बांधलं. त्याला लालजर्द जरीचा काठ. रोज दिवेलागणीला शेजारपाजार जमायचा आणि आमच्या भिंतीवर जरीकाठाचं लंडन उमटायचं, जरीकाठाचं रोम, जरीकाठाचं न्यूयॉर्क. गल्लीतल्या आम्हा मुलींना त्या काठाचं हसू यायचं. दोड्डप्पांना तो काठ खुपायचा. ते दर वेळी छडीनं तो दाखवून म्हणायचे की हा भाग तुमचा, बाकीचा तिकडचा.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन दिवस मीही तोंड उघडं टाकून बघत होते. नदीवरचा तो पूल, पाण्यात त्याची निळी सावली, पावसात चमकणारा रस्ता, लाल बसगाड्या. जीव कसा हरखून जायचा. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. प्रत्येक चित्रात दोड्डप्पा मधोमध. मनोऱ्याच्या पोटावर त्यांची टोपी, कारंज्याच्या धारा त्यांच्या दोन्ही खांद्यांतून निघालेल्या. आणि प्रत्येक चित्राबरोबर एक टोमणा. इथं रस्ता साबणानं धुतात. इथं कुणी थुंकत नाही. इथं बायका ओट्यावर बसून दुसऱ्याच्या चुली मोजत नाहीत. आणि आमची माणसं हसायची. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांनी उभ्या जन्मात कधी कागदाचा कपटा रस्त्यावर टाकला नसेल, ते तर डोळे पुसत हसायचे. आपल्याच थोबाडीत बसल्यावर माणूस इतका कशानं हसतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट कळत नाही.

अक्का कारखान्यातून यायची, हातपाय धुवायची आणि अंधारात मागच्या भिंतीशी पातेलं घेऊन बसायची. भिजवलेली अवरेकाई दोन बोटांत दाबली की दाणा सालातून सुटून उडतो. पच् पच् असा बारीक आवाज होतो. एका संध्याकाळी दोड्डप्पा रोमच्या त्या पडक्या रिंगणाची माहिती सांगत होते. मधेच थांबून ते त्रासिकपणे म्हणाले की तो आवाज बंद करा. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. सकाळच्या डब्याला लागतात, एवढंच अक्का म्हणाली. आवाज चालूच राहिला. मग थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, ती अगदी साध्या सुरात बोलली.

“स्वल्प बाजूला उभे राहिला असतात, तर मागचं दिसलं असतं.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दोड्डप्पांनी चौकट बदलली. त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कुणी आवाज चढवत नव्हतं. दोड्डप्पा तिच्या हातचं पाणी परत पाठवायचे, पेला नीट घासलेला नाही म्हणून. ती तो पेला तसाच पुन्हा भरून आणून ठेवायची. इतक्या वर्षांत एकमेकांना न भेटलेली ती दोन माणसं एवढ्याशा घरात एकमेकांच्या वाटेतून अंग चोरून जायची.

आपलं गाव काही अगदीच टाकाऊ नाही, हे थोरल्या भावाला दाखवावं असं अण्णांच्या मनात होतं. एका रविवारी त्यांनी टॅक्सी ठरवली आणि आम्ही सगळे निघालो. पहिल्यांदा विधानसौध. तेव्हा ती इमारत नवीकोरी होती. तिचं बांधकाम चालू असताना अण्णा कचेरी सुटल्यावर वाट वाकडी करून तिथं जायचे आणि किती खांब चढले ते घरी येऊन आम्हाला सांगायचे. दोड्डप्पांनी कमरेवर हात ठेवून ती खालपासून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाले, नाटक कंपनीचा पडदा दगडात केलाय. अण्णा हसले. पण नंतर पूर्ण वेळ ते स्वतःच्या चपलांकडं बघत चालले होते, आणि आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तिथून लालबाग. काचघराच्या आत ऊन झिरपत होतं, कुंड्यांना नुकतं पाणी घातलेलं, ओल्या मातीचा गारवा. मला ती जागा आधीपासून फार आवडायची. दोड्डप्पा म्हणाले की ही नक्कल आहे. असलं काचेचं घर मुळात लंडनला होतं, याच्या कितीतरी पट मोठं. ते जळून गेलं म्हणून, नाहीतर हे बघायला कुणी फिरकलं नसतं.

अक्का वर काचांकडं बघत होती. “जळलं ना ते?” ती म्हणाली. “मग आता हेच खरं.”

दोड्डप्पा अण्णांना इंग्रजीत काहीतरी बोलले. मला तेवढं इंग्रजी कळत होतं. ते म्हणाले होते, की इतकी वर्षं हिला तू पोसलंस की माजवलंस. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मी त्या दिवशी मनातल्या मनात दोड्डप्पांच्या सगळ्या शहरांना आग लावली, एकेक करून, सावकाश.

संक्रांत जवळ आली, त्यांच्या परतीची वेळ आली. शेवटच्या संध्याकाळी घर गच्च भरलं होतं. सगळी शहरं एकदा फिरून झाली आणि दोड्डप्पांनी जाहीर केलं की परत जाताना ते बायकोला घेऊन जाणार आहेत. आता वय होत चाललं, बाहेरचं खाणं सोसत नाही, घर बघायला माणूस ठेवणं तिकडं परवडत नाही. आणि फिरायला गेलं की तिलाही हे सगळं बघायला मिळेल. बायकांनी अक्काला कोपरखळ्या मारल्या. पोस्टमास्तर म्हणाले, पोरीच्या तपाला फळ आलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला असेल.

अक्का उठली. बायकांच्या पायांतून वाट काढत भिंतीपाशी गेली आणि तिनं दिवा लावला. धोतरावरचं चित्र पुसट झालं.

“मी येणार नाही,” ती म्हणाली.

दोड्डप्पांना वाटलं ती लाजते आहे. ते शेजाऱ्यांकडं बघून हसले आणि म्हणाले की तयारीला वेळ हवा असेल तर मागाहून ये.

“मागाहूनही नाही. मी शिवण शिकवत नाही. राजाजीनगरला कारखान्यात तार गुंडाळते. मला ते काम येतं.” मग सगळ्यांना ऐकू जाईल पण फक्त त्यांनाच उद्देशून म्हणावं तसं ती म्हणाली, “पहिल्या वर्षी बोलावलं असतंत तर काही न विचारता आले असते. आता तुमच्याबरोबर मला काही बघायचं नाही.”

दोड्डप्पा तिच्याशी बोललेच नाहीत. ते अण्णांकडं वळले आणि विचारलं, तू माझ्या बायकोला कारखान्यात पाठवलंस? भरल्या घरात, ज्यांना रोज काचेखालची कार्डं दाखवली त्या सगळ्यांच्या समोर. अण्णा उभे राहिले. मला वाटलं, आता ते भावाला काहीतरी बोलतील. विधानसौधाच्या पायऱ्यांवर गिळलेलं आता बाहेर पडेल. ते अक्काकडं वळले आणि म्हणाले, की माझ्या भावाची पाय धरून माफी माग, नाहीतर या घरात राहू नकोस.

शेजारी एकेक करून चपला शोधत बाहेर पडले. ते यंत्र कुणी बंद केलं नाही. त्याचा पंखा घरघरत होता.

सकाळी अक्का निघाली. तिचं सामान एका ट्रंकेत मावलं. आईनं स्वतःची माहेरची पितळी भांडी आणि नवा स्टोव्ह पोत्यात बांधून ट्रंकेशेजारी ठेवला. अण्णांनी पाहिलं. आईनंही अण्णांकडं पाहिलं. त्या नजरेनंतर त्या दोघांत पूर्वीसारखं कधीच काही राहिलं नाही. हे मी लग्न होईपर्यंत रोज बघत होते.

कारखान्यात अक्काबरोबर चिकोडीकडची एक मराठी बाई काम करायची, तिच्याकडं ती आधी राहिली. पुढं राजाजीनगरातच तिनं दोन खोल्या घेतल्या. दोड्डप्पा परत गेले. नातलगांत अक्काचं नाव निघालं की बायका ओठ मुडपायच्या, सोन्यासारखं नशीब लाथाडलं म्हणायच्या. यातल्या एकीनंही तिचे गेलेले दिवस कधी मोजले नव्हते. माझ्या लग्नाचं आमंत्रण अण्णांनी तिला केलं नाही. मी स्वतः जाऊन केलं. तिनं विचारलं, मला बघून अण्णा उठून गेले तर? जाऊ देत, मी म्हटलं. ती आली, पुढच्या रांगेत बसली. अण्णा उठले नाहीत. बोललेही नाहीत.

दशक सरत आलं तेव्हा दोड्डप्पा कायमचे परतले. फुगीरपणा ओसरला होता, कोट खांद्यांवरून लोंबत होता. अण्णांच्या घरी ते दिवसभर ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या शहरांच्या गोष्टी सांगायचे. आता कुणी हसत नव्हतं, थांबतही नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी अक्काकडं गेले होते. फाटक वाजलं. बाहेर दोड्डप्पा उभे. राजाजीनगरातली ती सगळी सारखी घरं. त्यांनी रिक्षा भलतीकडंच सोडून दिली होती आणि उन्हात घर शोधत फिरले होते. अक्का दारात गेली, ओले हात पदराला पुसत. तिनं त्यांना आत बोलावलं नाही. ते फाटकाला धरून बराच वेळ बोलले. एकटं वाटतं म्हणाले. झालं गेलं म्हणाले. अजून हिंडण्याफिरण्याइतकी ताकद आहे, तिला जे बघायचं असेल ते दाखवीन म्हणाले. दिल्ली, आग्रा, ती म्हणेल ते.

“दिल्ली पाहिली,” अक्का म्हणाली. “आग्राही पाहिलं. कारखान्यातल्या बायकांबरोबर गेले होते.”

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. ताजमहाल कसा वाटला, असं त्यांनी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

“गर्दी होती,” ती म्हणाली.

मग इथून चामराजपेटला कसं जायचं, असं दोड्डप्पांनी विचारलं. अक्का फाटकाबाहेर गेली. कोपऱ्यावरून डावीकडं, मोठा रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या बाजूला उभं राहायचं, मार्केटची बस येईल, चामराजपेटला उतरायचंय म्हणून कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं. सगळं तिनं हातानं दाखवून, नीट, एकदाच सांगितलं. मग आत येऊन दार लावलं.

तिच्या खिडकीतून मोठा रस्ता दिसायचा. दोड्डप्पा कोपऱ्यावर पोचले, आणि रस्ता न ओलांडता अलीकडंच उभे राहिले. मार्केटची बस आली, पलीकडून, थांबली, माणसं चढली, निघून गेली. ते त्या बसकडं बघत उभेच. त्यांना सांगायला म्हणून मी उठले. अक्काही खिडकीतून बघत होती.

“बस खाली,” ती म्हणाली. “विचारतील कुणाला तरी.”

मी बसले.